बडोद्याची सावली आणि सरकलेली संक्रांत

बडोद्यात संक्रांतीला संक्रांत फारसे कोणी म्हणत नाही. तिथे ती 'उत्तरायण'. १४ जानेवारीला सकाळपासून सारे शहर गच्चीवर असते. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांतून तिळगुळाचे डबे निघतात, सुगडांची पूजा होते, हळदीकुंकवाची बोलावणी जातात. आणि त्याच घरांतली मुले शेजारच्या गुजराती मुलांबरोबर मांजा-फिरकी घेऊन पत्र्यावर चढलेली असतात. मराठी मंडळी तिथे गायकवाडांच्या मागोमाग गेली आणि अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत पुरती बडोदेकर झाली. घरात चैत्री पाडवा आणि दारात कार्तिकी पाडवा, अशी दोन नववर्षे एका अंगणात सुखाने नांदतात. उत्तरायण मात्र दोघांचे एकच.

पण त्या दिवशी आकाशात सूर्य काय करीत असतो? उत्तरेकडे वळत असतो, असे आपण म्हणतो. खरी गोष्ट अशी की त्याला वळून तेव्हा तीन आठवडे उलटून गेलेले असतात. सूर्याचे उत्तरेकडे वळणे होते २१ किंवा २२ डिसेंबरला. त्या दिवशी बडोद्यात ना पतंग असतो, ना तिळगूळ. सणाचे नाव एका घटनेचे आणि तारीख दुसऱ्याच घटनेची, असे कसे झाले? हा प्रश्न वरवर पंचांगाचा वाटतो. मुळात तो सूर्याच्या तिरपेपणाचा आहे, आणि त्याच्या उत्तरात बडोद्याच्या जुन्या राज्याचा, महाराष्ट्रातल्या चार-पाच विद्वानांचा आणि आपल्या सीमाभागातल्या एका शाळामास्तरांचाही इतिहास गुंतलेला आहे.

प्रथम तिरपेपणाचे पाहू. २२ डिसेंबरला भर दुपारी बडोद्यात उघड्यावर उभे राहावे आणि आपली सावली मापावी. ती जवळजवळ आपल्या उंचीएवढीच भरते. बडोद्याचे अक्षांश २२ अंश १८ कला. त्या दिवशी तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर चढतो. २१ जूनला तोच सूर्य ८९ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर असतो. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर लहान, लख्ख वर्तुळ पडते. तोच झोत तिरका धरला तर लांबट आणि फिकट डाग पडतो. उजेड तेवढाच, पण वाटून घेणारी जागा मोठी. डिसेंबरातल्या त्या दुपारी बडोद्याच्या एका चौरस हात जमिनीला सरळ उन्हाच्या मानाने सुमारे ७० टक्केच ऊन मिळते. त्यात दिवसही लहान, पावणेअकरा तासांचा. जूनमध्ये तो साडेतेरा तासांचा असतो. तिरपेपणा आणि दिवसाची लांबी यांचा एकत्र हिशेब केला, तर डिसेंबरच्या त्या दिवसाला जूनच्या दिवसाच्या साधारण ६० टक्के ऊन वाट्याला येते. यालाच आपण हिवाळा म्हणतो.

अजूनही पुष्कळांना वाटते की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडते. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शेकोटीभोवती बसलेले असतो तेव्हा. आणि सर्वांत दूर असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दोन्ही अंतरांत फरक सुमारे ५० लाख किलोमीटरांचा. ऐकायला फार मोठा, पण मूळ १५ कोटी किलोमीटरांपुढे किरकोळ. ऋतू घडवते ते अंतर नव्हे. साडेतेवीस अंशांनी कललेला पृथ्वीचा आस आणि त्यामुळे पडणारा उन्हाचा तिरपेपणा.

चौकस वाचक इथे अडवतील. सूर्य डोक्यावर जूनमध्ये येतो, तर बडोदे सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, हे कसे? आणि सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, तर थंडी जानेवारीत का? दुसऱ्याचे उत्तर स्वयंपाकघरातले आहे. चुलीतली लाकडे ओढली तरी तवा लगेच निवत नाही, आणि लाकडे सारल्यावर लगेच तापतही नाही. जमीन हा तसाच मोठा तवा आहे. तिचा जमाखर्च तोट्यातून नफ्यात यायला काही आठवडे जातात. पहिल्याचे उत्तर मात्र आपल्या देशाचे खास आहे. सूर्य चढत जातो, जमीन समुद्राहून अधिक तापते, हवा वर उठते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे धावून येतात. १६८६ साली एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने मोसमी वाऱ्यांची ही उपपत्ती मांडली. पुढे तिच्यात पुष्कळ भर पडली, तरी गाभा तोच राहिला. म्हणजे बडोद्यावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो तोवर मोसमी ढग वाटेला लागलेले असतात. ज्या उन्हाने ढगांना बोलावले त्याच उन्हाला ढग झाकतात. सूर्याचा कळस जूनमध्ये, पण पाऱ्याचा कळस मे महिन्यात, याचे कारण हे.

बडोद्यावर सूर्य अगदी माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदा: जाताना जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परतताना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दोन दुपारी काही क्षण उभ्या खांबाला सावली नसते. आपल्या बेळगावास हा योग मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या सुमारास येतो. बेळगावच्या सूर्याची दोन माथ्यावरची मुक्कामे एकमेकांपासून तीन महिने दूर, तर बडोद्याची सुमारे पाच आठवड्यांच्या अंतराने. उत्तरेकडे जावे तसतशी ही दोन मुक्कामे जवळ येतात, आणि एका रेषेवर दोहोंची मिळून एकच होते. ती रेषा कर्कवृत्त. तिच्या उत्तरेस सूर्य कधीच माथ्यावर येत नाही.

बडोद्याच्या जुन्या संस्थानाचा नकाशा इथे डोळ्यांसमोर आणावा. ते राज्य सलग नव्हते. गुजरातभर तुकड्यांनी पसरलेले होते. दक्षिणेस नवसारी, मध्ये बडोदे, पश्चिमेस अमरेली आणि द्वारकेकडचे ओखामंडळ, उत्तरेस कडी प्रांत. त्यालाच पुढे मेहसाणा प्रांत म्हणू लागले. कर्कवृत्त या उत्तर प्रांताच्या अंगावरून जाते. कडी गाव त्याच्या दक्षिणेस, मेहसाणा आणि पाटण उत्तरेस. म्हणजे गायकवाडांच्या प्रजेत काही लोक असे होते की ज्यांच्या माथ्यावर सूर्य वर्षातून दोनदा येई, आणि काही असे की ज्यांच्या माथ्यावर तो कधीच आला नाही. राज्य एक, पण सूर्याच्या दरबारात प्रजेचे दोन वर्ग!

याच उत्तर प्रांतात मोढेऱ्याचे सूर्यमंदिर आहे. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळातले. तिथला शिलालेख विक्रम संवत १०८३ चा, म्हणजे इसवी सन १०२६-२७ चा. मंदिर पूर्वाभिमुख आहे. दिवस-रात्र समान असताना उगवत्या सूर्याचे किरण थेट आत जावेत अशी त्याची मांडणी. समोर पायऱ्यापायऱ्यांचे विस्तीर्ण कुंड. आजच्या नकाशात हे मंदिर कर्कवृत्ताच्या उत्तरेस पंधरा-सोळा किलोमीटरांवर पडते. पण कर्कवृत्त हीसुद्धा कायमची रेघ नाही. पृथ्वीच्या आसाचा कल अतिशय मंद गतीने कमी होत आहे, शतकाला सुमारे ४७ विकला. आणि त्याबरोबर कर्कवृत्त दक्षिणेकडे सरकत आहे. हिशेब मागे नेला, तर १०२६ साली तो कल २३ अंश ३४ कला भरतो. मोढेऱ्याचे अक्षांश २३ अंश ३५ कला. म्हणजे मंदिर उभे राहिले तेव्हा कर्कवृत्त त्याच्या दाराशी होते! यावरून बांधणाऱ्यांचा हेतू सिद्ध होत नाही. जुने ज्योतिषी तो कल २४ अंश धरीत, आणि त्या मापाने कर्कवृत्त मोढेऱ्याच्या बरेच उत्तरेस पडले असते. पण दक्षिणायनाच्या दिवशी भर दुपारी त्या कुंडाच्या तळापर्यंत ऊन पोचत असले पाहिजे, आणि ते कोणीतरी पाहिले असले पाहिजे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

अशाच एका सरळ उन्हाने जगाला पृथ्वीचे माप मिळाले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या इराटोस्थेनीसने ऐकले की दक्षिणेकडच्या सायीन गावी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी विहिरीच्या तळाशी सूर्य दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतक्या कोनाने. दोन गावांमधल्या अंतराला पन्नासाने गुणले की पृथ्वीचा परीघ आला. हा प्रयोग आपल्यालाही करता येईल. बेळगाव आणि बडोदे यांच्या मध्यान्हसावल्यांच्या कोनांत एकाच दिवशी सुमारे साडेसहा अंशांचा फरक पडतो. म्हणजे वर्तुळाचा साधारण छप्पन्नावा भाग. दोन्ही गावांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७१५ किलोमीटर. गुणाकार करून पाहावा; उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या आसपास येते. दोन शाळा, दोन काठ्या आणि एक पोस्टकार्ड एवढ्या भांडवलावर पृथ्वी मोजता येते.

काठी रोवून सावली मोजणे आपल्याकडेही नवे नाही. बारा अंगुळांचा शंकू उभा करावा, विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली मापावी. तिला पलभा म्हणत. बडोद्याची पलभा पाच अंगुळांना किंचित कमी, पुण्याची चार, बेळगावची साडेतीनाहून थोडी कमी. ज्योतिष्याला गावाचे नाव सांगण्याऐवजी पलभा सांगितली तरी पुरे. दिवस किती घटिकांचा ते तो काढून देई. भास्कराचार्यांनी ११५० साली पुरा केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात दिवस लहानमोठा का होतो याची उपपत्ती आहे, आणि ऋतुवर्णनाचा स्वतंत्र अध्यायही आहे. सावलीचे ज्ञान होते, गणित होते, कवित्वही होते. मग संक्रांत सरकली कशी?

याचे कारण भोवऱ्यात आहे. वेगाने फिरणारा भोवरा उभ्या उभ्या डुलतो. त्याचे डोके हवेत सावकाश वर्तुळ काढते. पृथ्वीचा आसही तसाच डुलतो, आणि एक फेरा पुरा करायला त्याला जवळजवळ २६ हजार वर्षे लागतात. परिणाम असा की उन्हाच्या तिरपेपणाने मोजलेले वर्ष आणि ताऱ्यांच्या खुणेने मोजलेले वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटे ती काय! पण ७१-७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपल्या ज्योतिष्यांनी ताऱ्यांची खूण धरली. तिला निरयन पद्धती म्हणतात. ज्या काळी ही खूण ठरली त्या काळी सूर्याचे मकर राशीत शिरणे आणि उत्तरेस वळणे या दोन घटना एकाच सुमारास घडत. पुढे वळणे जागच्या जागी राहिले आणि राशी पुढे सरकली. सणाने राशीचा हात धरला, नाव मात्र वळण्याचे ठेवले.

ही सरक इतकी मंद आहे की एका पिढीला जाणवत नाही. दोन-तीन पिढ्यांना मात्र जाणवते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा. तारीख होती १२ जानेवारी! महाराज सयाजीराव गायकवाडांचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे सयाजीरावांच्या बालपणी संक्रांत १२ तारखेला येत होती. आज ती १४ ला आणि अधूनमधून १५ ला येते. आणखी मागे जाऊ. पानिपतचा घोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, आणि म्हणून तो संक्रांतीच्या दिवशी झाला असे आपल्याकडे बोलण्याची वहिवाट आहे. पण वरच्या हिशेबाने त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती. शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला मराठ्यांवर जी संक्रांत कोसळली ती पंचांगातली नव्हती. आजची तारीख आपण नकळत अडीचशे वर्षे मागे नेतो आणि इतिहासाला चिकटवतो.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ही गोष्ट उघडपणे बोलली जाऊ लागली. तोवर पंचांगे चालत ती गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वर. १५२० च्या सुमाराचा हा ग्रंथ इतका सोपा आणि सोयीचा की महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात अशा दूरवरच्या प्रांतांत त्याचा अंमल चालला. पण साडेतीनशे वर्षांत त्यातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांची फारकत झाली होती. केरूनाना छत्र्यांनी पाश्चात्य वेधांचा आधार घेऊन १८६५ च्या सुमारास नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे त्याला पटवर्धनी नाव पडले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे याच्याही पुढे गेले. त्यांचे म्हणणे, सण ऋतूंचे आहेत, तेव्हा ते उन्हाच्या तिरपेपणालाच बांधले पाहिजेत. आणि त्यांनी १८८४ च्या सुमारास तसे सायन पंचांग काढले. त्यात संक्रांत डिसेंबरात येई. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आजही त्या विषयात हात घालणाऱ्याला त्या ग्रंथाच्या दारातूनच आत जावे लागते.

तिसरे नाव लोकमान्यांचे. १८९३ सालच्या 'ओरायन'मध्ये टिळकांनी नेमकी हीच सरक हाती धरली. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाच्या खुणा वेदात सापडतात, म्हणून वेद इतके प्राचीन, असा त्यांचा युक्तिवाद. गंमत अशी की संपात सरकतो ही गोष्ट आपल्या प्राचीनतेची साक्ष म्हणून समाजाने आनंदाने डोक्यावर घेतली. पण तीच गोष्ट 'तुमची संक्रांत चुकते' असे सांगू लागताच तिला दारातून परत पाठवले.

आणि चौथे नाव आपल्या मुलखातले, बागलकोटचे. व्यंकटेश बापूजी केतकर जन्मले नरगुंदला, १८५४ साली. आयुष्य गेले शाळेत इंग्रजी शिकवण्यात. वेधशाळा नाही, विद्यापीठ नाही, मदतनीस नाहीत. अशा स्थितीत त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' आणि 'केतकी ग्रहगणितम्' हे ग्रंथ रचले, आणि पाश्चात्य गणिताची सूक्ष्मता संस्कृत श्लोकांत आणली. १९११ साली फ्रान्समधल्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाविषयीचे आपले गणित छापले. १९३० साली प्लूटो सापडला, आणि त्याच वर्षी केतकर वारले. बागलकोटच्या शाळेतून नेपच्यूनपलीकडे नजर टाकणारा हा माणूस आज सीमाभागातल्या किती शाळांतल्या मुलांना ठाऊक आहे?

एवढी माणसे एका पिढीत, एका भाषेत, एका प्रश्नाला भिडली, आणि तरीही प्रश्न सुटला नाही. सभा झाल्या, १९०४ साली मुंबईत, १९२० साली सांगलीत. पण मतभेद राहिला आरंभबिंदूचा: राशिचक्राची सुरुवात रेवतीच्या ताऱ्यापासून धरायची की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून? दोहोंत फरक चार अंशांचा, म्हणजे चार दिवसांचा. म्हणूनच टिळक पंचांग मानणाऱ्या घरी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होते आणि शेजारच्या घरी १४ ला. वाद या चार दिवसांवर पेटला, आणि दोन्ही पक्षांच्या मागे जे वीस-तेवीस दिवस साचले होते त्यांच्याकडे कोणी पाहिना. मुख्य खटला बाजूला राहून कज्जा बांधाच्या वितीवर चालावा, तसे झाले. सायनवाद्यांचे म्हणणे खोडून काढणारे थोडे. त्यांना एकटे पाडणारे पुष्कळ.

या काळात बडोद्यात काय चालले होते? सयाजीरावांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. १९१५ साली पुरोहितांनी परीक्षा दिल्याशिवाय पौरोहित्य करू नये असा कायदा केला. म्हणजे शेतकऱ्याचे पोर शाळेत जाऊ लागले, भूगोलाच्या तासाला कललेली पृथ्वी शिकू लागले, २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस असे पाठ करू लागले. आणि घरी आल्यावर १४ जानेवारीला उत्तरायण म्हणून पतंग उडवू लागले. एका डोक्यात दोन सूर्य सुखाने राहू लागले. परीक्षेचा एक, सणाचा एक. ही दोन खणांची सवय आपण सगळ्यांनीच पुढे जन्मभर जपली आहे.

याच राज्याने सूर्याच्या कोनाची मर्यादाही भोगली. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनियो' दुष्काळ. त्या वर्षी सूर्य नेहमीप्रमाणेच चढला, माथ्यावर आला, परतला. कोनात एका विकलेचीही चूक नव्हती. पाऊस मात्र आला नाही. १८९१ साली २४ लाखांवर असलेली बडोदे राज्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. सरकारी हवामान खात्याचा अंदाजही त्या वर्षी साफ चुकला होता. पुढे त्या खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकरांनी वर्षानुवर्षे आकडे जुळवून दाखवले की आपल्या पावसाचे धागे पॅसिफिक महासागरापर्यंत गेलेले आहेत. म्हणून जपून बोलायला हवे. उन्हाचा तिरपेपणा ऋतू आणतो; ऋतूने पदरात काय टाकायचे ते समुद्र आणि वारे ठरवतात. पाहुणा केव्हा येणार ते कोनावरून कळते. तो रिकाम्या हाताने येईल की भरल्या, ते नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रश्न पुन्हा हाती घेतला. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ या दिवसापासून भारतीय सौर दिनांक सुरू झाला. त्याचा चैत्र विषुवदिनाच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि त्याचा पौष २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणाला. लेले-मोडक-दीक्षितांचे म्हणणे सत्तर वर्षांनी राजपत्रात पोचले. पण राजपत्रातून ते देवघरात गेले नाही. आकाशवाणीवर तो दिनांक ऐकू येतो, सरकारी कागदावर छापला जातो. त्यावरून कोणी सण करीत नाही, लग्नही ठरवीत नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. पतंग डिसेंबरात उडाला काय आणि जानेवारीत उडाला काय! खरे आहे, उत्सवाचा आनंद तारखेवर अवलंबून नसतो, आणि बडोद्याने १४ जानेवारी सोडून द्यावी असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. पण हेच सूत्र आपल्या शेताच्या बांधापर्यंत येते. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतचा शेतकरी आजही मृगाची वाट पाहतो. मृग लागतो ७-८ जूनला, आणि पाऊसही त्याच सुमारास दाराशी येतो. म्हणून आपण समजतो की पाऊस मृगाचा. पाऊस मृगाचा नाही. पाऊस चढत्या सूर्याचा आहे, आणि मृग ही केवळ त्या सूर्यामागची सध्याची खूण आहे. हजार वर्षांपूर्वी मृग लागे तेव्हा सूर्य आजच्या पंचवीस मेच्या सुमाराच्या उंचीवर असे. आणखी दोन हजार वर्षांनी मृग लागेल तेव्हा जुलै उजाडलेला असेल, आणि त्याच्या भरवशावर थांबणाऱ्याची पेरणी महिनाभर हुकेल. नक्षत्रांवरच्या म्हणी आजोबांकडून नातवाकडे जशाच्या तशा जातात. आकाश तसेच्या तसे जात नाही. ज्या पूर्वजांनी त्या म्हणी रचल्या, त्यांनी त्या डोळ्यांनी पाहून रचल्या होत्या. त्यांचे शब्द सांभाळणे ही एक निष्ठा. त्यांच्यासारखे पाहणे ही दुसरी. दोहोंत वडीलकी कोणाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावर तोडगा नाही असे नाही, आणि त्यासाठी कोणाचा सण हिरावण्याचे कारणही नाही. संक्रांत राशीची म्हणून जशी आहे तशी राहू द्यावी. पण येत्या २२ डिसेंबरला दुपारी शाळेच्या पटांगणात एक काठी रोवावी, मुलांना भोवती उभे करावे, आणि वर्षातली सर्वांत लांब मध्यान्हसावली दाखवून सांगावे की हे उत्तरायण. बडोद्यात ती सावली काठीएवढी भरेल. बेळगावात काठीच्या चार-पंचमांशाहून किंचित अधिक. पंधरा दिवसांनी पुन्हा मापावी. ती आखडलेली दिसेल. या गोष्टीला ना आरंभबिंदूचा वाद लागतो, ना रेवतीची साक्ष, ना चित्रेची. केतकरांच्या बागलकोटात सुद्धा त्याहून जास्त सामग्री नव्हती.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रे पाहायला रसिक जातात. बाहेर पडताना त्यांनी एकदा मान वर करावी. १९३६ साली सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवानिमित्त उभारलेल्या या वास्तूच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ब्राँझमध्ये घडवून बसवलेले आहेत. कोणतेही पंचांग घडते ते या तिघांच्याच जमाखर्चातून. चंद्राची तिथी आपण काटेकोर पाळतो. सूर्याची राशीही पाळतो. पृथ्वीचा कल तेवढा अजून हिशेबात धरायचा राहिला आहे.